तिसरं पातं

पेनरिन नदीच्या मध्यावर भोंगा वाजला,
बारीक, एकसुरी, थांबेचना.
मागे वळून पाहिलं तर धार नव्हती.

मोटरच्या पाठीला एक भोक असतं, करंगळीच्या नखाएवढं.
त्यातून पाणी पडतंय तोवर सगळं ठीक.
इथली माणसं त्या धारेला चहाडखोर म्हणतात,
आतलं सगळं बाहेर सांगते म्हणून.
आज तिनं तोंड मिटलं होतं.

इंजिन बंद केलं. वल्ही काढली.
भरती उतरायला लागली होती,
चिखल लागायच्या आत किनारा गाठला.
गावाचं नाव फ्लशिंग. घर घेतलं तेव्हा वॉर्डात सांगितलं,
तर पोरींच्या हातातला चहा सांडला हसून.
बावीस वर्षं ट्रुरोच्या इस्पितळात, युरॉलॉजीत.
धार अडली की पहिलं काय विचारायचं
हे मला कुणी शिकवायला नको:
अडलंय कुठं, वर की खाली?

भोकात तार घातली. मिठाचा खडा सुटला. धार नाही.
खालच्या जाळीतून शेवाळाची वेणी ओढली, हातभर. धार नाही.
कचऱ्याच्या डब्यात गोडं पाणी भरून
मोटर त्यात उभी केली, दोरी ओढली.
नुसती वाफ.

मग डेन्झिल ट्रेवास्किस आला, न बोलावता.
जन्मभर कालवं काढलेला माणूस, आवाज ऐकून येतो.
म्हणाला, पाय उतरव तिचा.
पाच बोल्ट. चार सुटले.
पाचवा मिठानं धरून ठेवलेला.
त्यावर तेल सोडून तो घरी जेवायला गेला.
'घाई केलीस तर मान मोडेल,' म्हणाला,
कुणाची ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाय खाली आला.
आत रबराचं छोटं चाक, पाणी वर ढकलणारं.
पाती सहा असतात. राहिली होती तीन,
एका बाजूला कललेली,
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपल्यासारखी.

मी नवं चाक पाकिटातून काढलं.
डेन्झिलनं मनगट धरलं.
'आधी मोज.'

कानशिलं तापली माझी.
पोट शिवण्याआधी बोळे मोजतात.
किती मुलींना मी ओरडलेय त्यावरून.

एक तुकडा तांब्याच्या नळीत होता.
फुंकर मारली तर बुटावर येऊन पडला.
दुसरा पार वर, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी.
थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात सोडला:
पाणी सळसळलं तसा उघडला.
त्याचा दोष नव्हता, तो बिचारा वाट बघत होता.

तिसरा नाही.
नळाचं पाणी उलटं सोडलं, सुलटं सोडलं.
तार, टॉर्च, दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा.
'कुणाकडून घेतलीस ही?'
रस्कॅरोकडून. तो गेला दोन हिवाळ्यांपूर्वी.
'मग त्याच्याच वेळी गेलं असेल वाहून,'
डेन्झिल म्हणाला, आणि थोड्या वेळानं,
'किंवा नसेल.'

जोडताना अर्ध्या चंद्राएवढी चावी खडीत पडली.
चंद्र म्हणजे नखावरचा.
दोघं गुडघ्यांवर, पंधरा मिनिटं,
आणि ती माझ्याच बाहीच्या घडीत.

डब्यात पाणी. दोरी.
आधी काही नाही. मी आकडे मोजले, एकोणीसपर्यंत.
मग खोकला, तपकिरी थुंकी,
आणि धार.
तळवा धरला खाली. कोमट.
अशीच हवी, तो म्हणाला, कढत नको.

जुनं चाक स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
तीन पाती जागेवर, दोन शेजारी बशीत.
ऑपरेशनच्या फळ्यावर असं कधी लिहावं लागलं नाही:
हिशेब अपूर्ण.
पाण्यात असले की दर थोड्या वेळानं
मान मागे वळते.
डेन्झिल म्हणतो, वळायलाच हवी,
सहाच्या सहा सापडली असती तरी.